वाचकांचे प्रश्न : शेतकऱ्याच्या मुलीचा पहिला अल्बम

गेल्या अंकात या सदरात मार्गो प्राइस या अमेरिकन गीतकार-गायिकेच्या ‘मिडवेस्ट फार्मर्स डॉटर’ या पहिल्या एकल अल्बमची ओळख करून दिली होती. दहा गाण्यांचा हा अल्बम २५ मार्च २०१६ रोजी प्रकाशित झाला. त्याच्या ध्वनिमुद्रणाचा खर्च भागवण्यासाठी तिने लग्नातली अंगठी गहाण ठेवली आणि तिच्या नवऱ्याने गाडी विकली, एवढाच उल्लेख त्या लेखात ओघाने आला होता. आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांचा रोख नेमका त्या उल्लेखावर आहे, म्हणून या वेळची सगळी जागा त्या पत्रांना दिली आहे.

आपण लेखात एका ठिकाणी या अल्बमला ‘कंट्री’ म्हटले आहे आणि पुढे ‘रूट्स रॉक’. हे दोन वेगळे प्रकार आहेत की एकाच प्रकाराची दोन नावे? (एक वाचक, सांगली)

दोन्ही शब्द मी विचार करून वापरले होते, पण त्यांचा खुलासा करायला हवा होता, हे आपले म्हणणे मान्य आहे. रॉक संगीत १९५० च्या दशकात आकाराला आले ते ब्लूज (अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची दुःखगीते), कंट्री (तिथल्या ग्रामीण भागातले गोष्ट सांगणारे संगीत), गॉस्पेल (चर्चमधली भक्तिगीते) आणि अमेरिकेच्या दक्षिण भागातील लोकगीते यांच्या मिश्रणातून. पुढच्या दहा-बारा वर्षांत ते या मुळांपासून लांब गेले. १९६७ च्या सुमारास तर स्टुडिओतील ध्वनिप्रयोगांना इतके महत्त्व आले की गाणे कोणत्या मातीतले आहे, हे ओळखू येईना. अशा वेळी काही कलावंत जाणीवपूर्वक मागे वळले. ‘द बँड’ या गटाचा १९६८ मधील पहिला अल्बम हा त्या वळणावरचा ठळक टप्पा मानला जातो. विशेष म्हणजे या गटातील पाचांपैकी चार जण कॅनडाचे होते आणि फक्त ड्रमवादक आर्कान्सा राज्यातला, म्हणजे खऱ्या अर्थाने दक्षिणेकडचा होता. तेव्हा मुळे ही जन्माने मिळतात तशी ऐकून, घोटून आपलीशीही करता येतात. रॉकची तालाची बाजू आणि विजेवरची गिटार तशीच ठेवून जुन्या गाण्यांची चाल, वाद्ये आणि गोष्ट सांगण्याची रीत परत आणणाऱ्या या संगीताला पुढे ‘रूट्स रॉक’ हे नाव मिळाले.

कंट्री आणि रूट्स रॉक यांची सीमा आखणे खुद्द त्या व्यवसायातल्या लोकांनाही जमलेले नाही. ल्युसिंडा विल्यम्स या गीतकार-गायिकेने अनेकदा सांगितले आहे की, तिची गाणी लॉस एंजेलिसमधील कंपनीच्या लोकांना फार कंट्री वाटत आणि कंट्री संगीतव्यवसायाचे केंद्र असलेल्या नॅशव्हिलमधील लोकांना फार रॉक वाटत. शेवटी १९८८ मध्ये तिचा अल्बम काढला तो रफ ट्रेड या मूळच्या ब्रिटिश, स्वतंत्र कंपनीने, आणि त्याच अल्बममधले एक गाणे दुसऱ्या गायिकेने गायल्यावर १९९४ मध्ये त्याला सर्वोत्तम कंट्री गीताचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. गाणे तेच होते. ते कोणत्या कप्प्यात ठेवायचे, याचा निर्णय तेवढा बदलला.

प्राइसच्या अल्बममध्ये पेडल स्टील गिटारचा लांब ओढलेला, मींडेसारखा घसरत जाणारा स्वर जिथे पुढे येतो, तिथे तो कंट्रीच्या जवळ जातो. ‘टेनेसी साँग’ किंवा ‘फोर इयर्स ऑफ चान्सेस’ मध्ये ड्रम आणि बेस गाण्याला मागून रेटत नेतात, आणि तिथे मेम्फिस शहराच्या सोल (कृष्णवर्णीयांचे भावोत्कट गायन) व रॉक परंपरेची सावली दिसते. मला तो दुसरा भाग अधिक प्रिय आहे, म्हणून लेखात माझ्या हातून ‘रूट्स रॉक’ हा शब्द गेला.

हा अल्बम थर्ड मॅन रेकॉर्ड्स या कंपनीने प्रकाशित केल्याचे आपणच लिहिले आहे. मग प्राइस ‘स्वतंत्र’ कलावंत कशी? (एक वाचक, ठाणे)

येथे घटनाक्रम महत्त्वाचा आहे. रूढ पद्धतीत कंपनी आधी करार करते, मग पैसे देते, निर्माता नेमते, वादक ठरवते, आणि गाणी कोणती घ्यायची यावरही तिचेच मत चालते. हे पैसे बक्षीस नसतात. ते कलावंताच्या पुढच्या स्वामित्वधनातून (रॉयल्टीतून) वळते करून घेतले जातात, आणि तरीही ध्वनिमुद्रणाची मालकी बहुधा कंपनीकडेच राहते. प्राइसच्या बाबतीत क्रम उलटा होता. गाणी तिने आणि तिच्या साथीदारांनी आधीच बसवली होती, खर्च घरातून उभा केला होता आणि अल्बम पूर्ण होऊन हातात होता. तो घेऊन तिने अनेक कंपन्यांची दारे ठोठावली आणि नकार घेतले. त्यानंतर संगीतकार जॅक व्हाइट याने स्थापन केलेल्या थर्ड मॅन या स्वतंत्र कंपनीने तो स्वीकारला. कंपनीपुढे प्रश्न एवढाच होता, की हे जसे आहे तसे घ्यायचे की नाही. माझ्या दृष्टीने ‘स्वतंत्र’ या शब्दाचा खरा अर्थ येथे आहे. शब्द कागदावर उतरण्यापासून ते टेपवर जाईपर्यंत ‘ही ओळ बदला’ असे सांगण्याचा अधिकार दुसऱ्या कोणालाही नव्हता.

आणि ते गाण्यांतून ऐकू येते. ‘धिस टाउन गेट्स अराउंड’ हे गाणे नॅशव्हिलमधील संगीतव्यवसायात नव्या मुलीकडून काय काय अपेक्षिले जाते, यावर आहे. त्याच व्यवसायातील एखाद्या मोठ्या कंपनीच्या पैशाने ते पहिल्या अल्बमसाठी मुद्रित झाले असते, असे मला वाटत नाही.

हा अल्बम जिथे मुद्रित झाला ती जागा, म्हणजे सन स्टुडिओ, हीही सांगण्यासारखी आहे. मेम्फिसमधील ७०६, युनियन अ‍ॅव्हेन्यू या पत्त्यावरच्या लहानशा इमारतीत सॅम फिलिप्स यांनी जानेवारी १९५० मध्ये ध्वनिमुद्रणाचा धंदा सुरू केला. हाउलिन वुल्फ या ब्लूज गायकाची सुरुवातीची मुद्रणे येथेच झाली आणि जुलै १९५४ मध्ये एल्विस प्रेस्लीचे पहिले व्यावसायिक गाणेही येथेच मुद्रित झाले. आज सन स्टुडिओ दिवसा पर्यटकांना दाखवला जातो आणि रात्री तिथे ध्वनिमुद्रण चालते. खोली एकच असल्याने सगळे वादक समोरासमोर बसून एकाच वेळी वाजवतात. ड्रमचा आवाज गायिकेच्या मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि गिटारचा ड्रमच्या. आधुनिक स्टुडिओत हा दोष मानला जातो, कारण अशा मुद्रणातील एकाची चूक दुसऱ्याला धक्का न लावता दुरुस्त करता येत नाही. मात्र त्यामुळेच सगळ्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट वाजवणे भाग पडते, आणि ऐकणाऱ्याला ती खोली जाणवते. मॅट रॉस-स्पँग, ज्याने अ‍ॅलेक्स मुन्योझबरोबर या अल्बमची निर्मिती केली, त्याने याच स्टुडिओत अभियंता म्हणून काम केलेले होते आणि जुन्या उपकरणांवर त्याची श्रद्धा होती. ज्यांच्याकडे दिवस मोजके आणि पैसे त्याहून मोजके होते, त्यांच्यासाठी ही निवड भावनेची होती तशी हिशेबाचीही होती. एकत्र वाजवणाऱ्यांचे काम लवकर उरकते.

अल्बमच्या पहिल्याच गाण्यात बापाच्या हातून शेती गेल्याचे वर्णन आहे, असे आपण लिहिले होते. अमेरिकेतील शेतकऱ्याचीही जमीन कर्जापायी जाते, हे आमच्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. तेथे नेमके काय घडले होते? (एक वाचक, यवतमाळ)

आपल्या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने द्यावे लागेल, कारण त्याशिवाय ‘हँड्स ऑफ टाइम’ हे सहा मिनिटांचे गाणे अर्धेच कळते.

प्राइसचा जन्म १९८३ चा. ती इलिनॉय राज्यातील अलेडो या छोट्या गावात वाढली. तो भाग मिसिसिपी नदीच्या पूर्वेला आहे आणि नदी ओलांडली की आयोवा राज्य लागते. दोन्ही काठांवर मका आणि सोयाबीन. १९७२ मध्ये सोव्हिएत संघाने अमेरिकेकडून प्रचंड प्रमाणात धान्य विकत घेतले, भाव चढले, आणि सरकारी धोरणच असे झाले की शेतकऱ्याने बांधापासून बांधापर्यंत पेरावे, जमीन वाढवावी, यंत्रे घ्यावीत. जमिनीची किंमत दरवर्षी चढत होती, त्यामुळे तिच्या तारणावर बँका सहज कर्ज देत होत्या. शेतकऱ्याने ते घेतले यात त्याचा मूर्खपणा नव्हता, कारण सल्ला देणारे सगळे एकाच सुरात बोलत होते.

मग १९७९ पासून महागाई आटोक्यात आणण्यासाठी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने पतपुरवठा आवळला. डिसेंबर १९८० मध्ये बँकांचा मूळ व्याजदर २१.५ टक्क्यांपर्यंत पोहोचला. त्याच वर्षीच्या जानेवारीत, अफगाणिस्तानातील आक्रमणाचा निषेध म्हणून, अमेरिकेने सोव्हिएत संघाला होणाऱ्या धान्यविक्रीवर निर्बंध घातले होते. डॉलर महाग झाल्याने इतर देशांची मागणीही घटली. पिकाचा भाव खाली, व्याज वर, आणि ज्या जमिनीच्या भरवशावर कर्ज मिळाले होते तिची किंमत कोसळलेली, अशी तिन्ही बाजूंनी कोंडी झाली. आयोवातील शेतजमिनीचा सरासरी भाव १९८१ मध्ये एकरी २,१४७ डॉलर होता, तो १९८६ मध्ये ७८७ डॉलरवर आला. म्हणजे सगळी जमीन विकूनही कर्ज फिटत नव्हते. पिढ्यान् पिढ्या कसलेली शेते, ट्रॅक्टर, गुरे, घरातले सामानसुद्धा अंगणात मांडून लिलावाने विकले गेले, आणि बोली लावायला आलेल्यांमध्ये शेजारीपाजारीही असत.

प्राइस दोन वर्षांची असताना तिच्या घरची शेती गेली. वडिलांनी तुरुंगात दुसऱ्या पाळीची नोकरी धरली. गाण्यात हे सगळे एका-दोन ओळींत, कोणताही हुंदका न काढता येते. पुढे तिचे घर सोडून शहरात येणे, फसणे, पहिले मूल गमावणे, आणि अखेरीस एकच साधी इच्छा, की पैसे कमवावेत आणि ती शेती परत विकत घ्यावी. तिचे वय आणि त्या लिलावांची वर्षे शेजारी ठेवून मी हे गाणे जेव्हा दुसऱ्यांदा ऐकले, तेव्हा त्या इच्छेचे वजन मला समजले. एकदा एकत्र असलेले आणि मग तुकड्यांनी, वेगवेगळ्या हातांत गेलेले शेत परत जोडणे जवळपास अशक्य असते. हे तिला पुरते ठाऊक आहे, तरीही ती म्हणते.

रूट्स रॉकचा आणि या अरिष्टाचा संबंध केवळ या एका गाण्यापुरता नाही. १३ जुलै १९८५ रोजी इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी झालेल्या ‘लाइव्ह एड’ या मोठ्या कार्यक्रमात गायक बॉब डिलनने मंचावरूनच सुचवले की, या पैशातला थोडा भाग आपल्याकडच्या शेतकऱ्यांच्या गहाणखतांसाठी वापरता आला तर बरे होईल. त्या वेळी या बोलण्यावर टीकाही झाली, आणि भुकेने मरणाऱ्यांसाठी जमवलेल्या पैशाबद्दल असे बोलणे अस्थानी होते, हे टीकाकारांचे म्हणणे मला आजही पटते. परंतु विली नेल्सन, जॉन मेलनकँप आणि नील यंग या गायकांनी त्यातून स्वतंत्र काम उभे केले. २२ सप्टेंबर १९८५ रोजी शेतकऱ्यांच्या मदतीसाठीच्या ‘फार्म एड’ चा पहिला कार्यक्रम झाला तो शँपेन या शहरात, म्हणजे प्राइसच्या इलिनॉय राज्यातच. तेव्हा ती अडीच वर्षांची होती. ही संस्था आजही चालू आहे आणि २०२१ मध्ये तिच्या संचालक मंडळावर मार्गो प्राइसची निवड झाली. गाण्यातली शेती परत मिळाली नाही, पण गाणे जिथून निघाले तिथे ते परत पोहोचले.

आपण पत्रात विदर्भाशी तुलना केली आहे. मी ती सावधपणे करीन. तिकडचा शेतकरी शेकडो एकरांचा धनी होता आणि वाढीच्या काळातील कर्जाने बुडाला, तर आपल्याकडील कोरडवाहू शेतकऱ्याचे कर्ज बहुतेक वेळा पेरणी पुन्हा उभी करण्यासाठीचे असते आणि त्यात सावकाराचाही वाटा असतो. दोन्हींना एकच नाव देऊन दोन्हींचे दुःख पातळ करू नये, असे मला वाटते. मात्र आपल्या पत्रातील एक वाक्य मी विसरणार नाही. शेती गेल्यावर बापाचे बोलणे कमी होते, असे आपण लिहिले आहे. प्राइसच्या गाण्यातही वडील काही बोलत नाहीत. ते नोकरीला जातात.

अंगठी गहाण ठेवण्याचे आपण केलेले कौतुक मला पटले नाही. गुंतवलेले सगळे बुडाले असते तर? शिवाय यशस्वी झालेल्या एकीची गोष्ट सांगितली जाते, बाकीच्यांची कोणी सांगत नाही. (एक वाचक भगिनी, नाशिक)

आपला आक्षेप मी मनापासून स्वीकारतो. अंगठी गहाण ठेवणे हा गुण नाही आणि ते अल्बमच्या दर्जाचे प्रमाणपत्रही नाही. तसे करून कोणाच्याच कानावर न गेलेले कितीतरी अल्बम असतील, आणि त्यांत चांगलेही असतील. मी तो उल्लेख केला तो पैसा कुठून आला हे कळावे म्हणून, परंतु वाक्याचा सूर वाहवून गेला, हे पुन्हा वाचताना मलाही जाणवले.

त्या वाक्यातून जे सुटले ते आता सांगतो. प्राइस २००३ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, महाविद्यालय सोडून नॅशव्हिलला आली. पहिला एकल अल्बम निघाला तेव्हा ती तेहतिशीला टेकली होती. मधली जवळपास तेरा वर्षे तिने मिळेल ती कामे केली, ‘बफेलो क्लोव्हर’ या गटातून नवऱ्याबरोबर, म्हणजे गीतकार जेरेमी आयव्हीबरोबर, गाणी केली, रस्त्याने फिरून लहान मंचांवर ती वाजवली, मूल गमावले, दारूच्या आहारी गेली, एका शनिवार-रविवारी तुरुंगात बसली आणि त्यावरही ‘वीकेंडर’ हे गाणे लिहिले. या सगळ्या गोष्टी तिने स्वतः जाहीरपणे सांगितल्या आहेत. तेव्हा गहाण ठेवलेली अंगठी ही सुरुवातीची उडी नव्हती. गाणी तयार होती, वादक एकमेकांना ओळखत होते, ती गाणी अनोळखी लोकांसमोर अनेकदा पारखली गेली होती, आणि उरला होता तो केवळ स्टुडिओचा खर्च. या पायरीवर घेतलेले धाडस आणि पहिल्या दोन गाण्यांच्या जोरावर घेतलेले धाडस यांत मोठा फरक आहे. तरीही कोणा तरुण मुलीने मला विचारले, तर मी दागिना मोडायला सांगणार नाही. चार गाणी आधी कर आणि उरलेली पुढच्या वर्षी कर, असे सांगेन.

मी पंचवीस वर्षांचा आहे. गिटारवर मराठी गाणी लिहितो आणि गातो. आठ गाणी तयार आहेत. एका कंपनीने तयारी दाखवली आहे, पण त्यांना सर्व हक्क हवे आहेत आणि दोन गाण्यांचे शब्द ‘सर्वांना कळतील असे’ करून हवे आहेत. मी काय करावे? (एक वाचक, पुणे)

आपले पत्र दोनदा वाचले. आधी कायद्याचे बोलू, कारण ‘सर्व हक्क’ या दोन शब्दांत बरेच काही दडलेले असते.

एका मुद्रित गाण्यात तीन निरनिराळ्या गोष्टींचे हक्क असतात: शब्दांचे, चालीचे आणि ध्वनिमुद्रणाचे. शब्द आणि चाल आपली आहे, म्हणून त्यांचे हक्क मुळात आपले आहेत, आणि ते आपल्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतात. ध्वनिमुद्रणाचा हक्क मात्र कायद्याने निर्मात्याचा, म्हणजे ज्याने ते मुद्रण करवून घेतले त्याचा असतो. म्हणून स्टुडिओचा खर्च कोण करतो, हा प्रश्न केवळ आजच्या पैशाचा नसून पुढच्या मालकीचा आहे. प्राइसच्या घरातील लोकांनी गाडी विकली, तेव्हा त्यांनी नकळत हेही विकत घेतले होते.

आपल्या देशात १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ साली झालेली दुरुस्ती गीतकार-संगीतकारांच्या फार उपयोगाची आहे. आपण शब्द आणि चाल यांचा हक्क लिहून दिला, तरी त्या ध्वनिमुद्रणाच्या वापरातून मिळणाऱ्या स्वामित्वधनात समान वाटा मागण्याचा आपला अधिकार कंपनीला लिहून देता येत नाही, आणि तसे लिहून घेतलेले कलम टिकत नाही. हा अधिकार फक्त कायदेशीर वारसाकडे किंवा स्वामित्वहक्क संस्थेकडे जाऊ शकतो. अशी संस्था म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी. ती मुंबईत आहे आणि नव्या लेखकाला व संगीतकाराला तिचे सभासद होता येते. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरताच हक्क दिला असे मानले जाते. म्हणून ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे शब्द करारात कुठे आहेत, ते बोट ठेवून पाहा. सही करण्यापूर्वी या विषयातील वकिलाला एकदा कागद दाखवा. त्याची फी ही अल्बमच्या खर्चातली पहिली आणि सर्वांत आवश्यक रक्कम समजा.

आता शब्दांविषयी. आपण गाण्यांचे कागद सोबत जोडले आहेत. ज्या गाण्यात कंपनीला बदल हवा आहे, त्यात आपल्या आजोळच्या ओढ्याचे नाव आहे, तिथल्या बोलीतला ‘वलचण’ हा शब्द आहे, आणि उसाच्या फडावर जाणाऱ्या माणसांच्या बैलगाड्यांची रांग आहे. त्याऐवजी नदी, घर आणि रस्ता आले, तर गाणे सर्वांना कळेल हे खरे, पण ते कोणाचेच राहणार नाही. गाण्याला मुळे असतात ती मेंडोलिनमध्ये किंवा एकतारीत नसतात, शब्द किती नेमका आहे यात असतात, असे या संगीताविषयी वीस वर्षे लिहून माझे मत झाले आहे. प्राइसच्या गाण्यात दुसरी पाळी आहे, तुरुंग आहे, बापाचे नोकरीला जाणे आहे. यांतले काहीही ‘सर्वांचे’ नाही, आणि यवतमाळच्या वाचकांना ते तिथे बसून कळले. ‘वलचण’ काढू नका.

तिसरी गोष्ट ध्वनिमुद्रणाची. आपण दोन खोल्यांच्या घरात एकेक वाद्य वेगवेगळे मुद्रित करण्याचे ठरवले आहे. खर्चाच्या दृष्टीने ते योग्य आहे, पण आपल्या गाण्यांचा ठेका बोलण्याच्या लयीवर चालतो, मोजणी यंत्रावर नाही. गिटार, आवाज आणि ढोलकी तरी एकाच वेळी, एकमेकांकडे पाहत मुद्रित करा. एखादी लहान शाळा किंवा सभागृह रविवारी मिळाले, भिंती फार घुमणाऱ्या नसतील, तर चांगले तीन-चार मायक्रोफोन भाड्याने घेऊन हे काम दोन दिवसांत होऊ शकते. तालीम मात्र त्याआधी महिनाभर हवी. जागेचे भाडे देत असताना चाल ठरवत बसणे ही सर्वांत महागडी चूक असते.

कंपनीला नाही म्हणावे की नाही, हे मी सांगणार नाही. कदाचित ते शब्दांवर मागे हटतील. आपण फक्त आठ गाण्यांच्या मुद्रणाचा परवाना ठरावीक वर्षांसाठी देऊ, मालकी देणार नाही, असा उलट प्रस्ताव लेखी पाठवून पाहा. उत्तर काय येते त्यावरून त्यांना आपले गाणे हवे आहे की आपला आवाज तेवढा हवा आहे, हे कळेल. आणि त्यांनी नाही म्हटले, तरी तयार मुद्रण हातात असलेल्या कलावंताशी पुढची कंपनी वेगळ्या आवाजात बोलते. थर्ड मॅनच्या बाबतीत तेच झाले. अल्बम निघाल्यानंतर पंधरवड्याच्या आत, ९ एप्रिल २०१६ रोजी, प्राइस अमेरिकेतील ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात गायली, आणि रेडिओवर गाजलेले एकही गाणे नसताना अल्बम ‘बिलबोर्ड’ या संगीतविषयक नियतकालिकाच्या कंट्री अल्बमांच्या यादीत पहिल्या दहांत आला.

मी निवृत्त शिक्षक आहे. इंग्रजी वाचता येते, पण गायलेले इंग्रजी कानाला लागत नाही. तरी ऐकावेसे वाटते. कुठून सुरुवात करू? (एक वाचक, रत्नागिरी)

क्रमाने ऐका, आणि पहिल्या वेळी शब्दांच्या मागे लागू नका. ‘हँड्स ऑफ टाइम’ मध्ये सुरुवातीला वाद्ये किती थोडी आहेत आणि कडव्यागणिक ती कशी भरत जातात, एवढेच पाहा. शेवटाकडे तंतुवाद्यांचा मेळ वर येतो तेव्हा आवाज मात्र वाढत नाही, याकडे लक्ष द्या. दुसऱ्या दिवशी गीताचे शब्द छापून समोर ठेवा. आपण कविता शिकवत होतात, असे पत्रात लिहिले आहे, त्यामुळे ओळीतला विराम कुठे घेतला आहे आणि तो कागदावरच्या विरामाशी जुळतो का, हे आपल्याला माझ्यापेक्षा लवकर दिसेल. त्यानंतर ‘टेनेसी साँग’ मोठ्या आवाजात, शक्य असल्यास चांगल्या स्पीकरवर लावा. मोबाइलच्या आवाजात बेस पोहोचत नाही आणि त्या गाण्याचा अर्धा जीव बेसमध्ये आहे. ‘हर्टिन (ऑन द बॉटल)’ ला साथीला घरात कोणी पायाने ठेका धरला, तर धरू द्या. शेवटचे ‘वर्ल्ड्‌स ग्रेटेस्ट लूझर’ फार छोटे आहे. पहिल्या सहा मिनिटांच्या गाण्यानंतर ते इतके लवकर संपते की पुन्हा सुई सुरुवातीला नेऊन ठेवावीशी वाटते.